संगीताचं इंग्रजी, चैत्याचं वजन

१४ जून २०१७, बुधवार

बावीस. शंभरात बावीस. बाकी सगळे विषय सुटले, गणितसुद्धा! आणि इंग्रजीत बावीस.

रविंद्र कंपनीतून आला, डबा ठेवला आणि म्हणाला, "मागच्या वेळंपेक्षा दोन जास्त हायत." माझा नवरा. समजूत घालत होता म्हणे. मी ताट आपटलं.

सुपरवायझर मॅडमचं म्हणणं सरळ आहे. आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीची सेविका एप्रिलमध्ये रिटायर झाली. तिच्या हाताखाली मी नऊ वर्षं मदतनीस. दहावी पास असते तर ती जागा सरळ मला. नाहीतर जाहिरात, मग कोणीही येईल. "जुलैची परीक्षा दे, संगीता. तोवर मी थांबवते. ऑगस्टनंतर माझ्या हातात काही नाही."

सध्या चार्ज बायजीकडे आहे. ती शेजारच्या पाड्याची सेविका. आठवड्यातून दोनदा येते, सह्या करते, जाते. खिचडी मी, मुलं मी, वजनं मी, रजिस्टर मी. फक्त सेविका मी नाही.

१६ जून, शुक्रवार

नीलमला विचारलं. विचारताना लाज वाटली – मी चौतीसची, ती एकवीसची. गंजाडची मुलगी, आश्रमशाळेत बारावी केलेली, दोन वर्षांपूर्वी मुकेशची बायको होऊन इथे आली. आमच्या पाड्यावर इंग्रजी बोललेलं समजणारी एकटीच.

"शिकवीन की, वहिनी," म्हणाली. "रोज दुपारी ये. चैत्या निजला की."

मी म्हटलं, तू बारावी आहेस, तूच का नाही भरत फॉर्म? तर म्हणे, "मना नाय आवडत पोरं सांभाळाया. एक हाय तेवढा बस झाला." आणि चैत्याचं नाक पुसलं. चैत्या म्हणजे तिचा मुलगा, चैत्रात झाला म्हणून चैत्या. सव्वा वर्षाचा आहे. अजून धरून उभा राहत नाही.

आज ॲडव्हर्ब. पुस्तकातली व्याख्या तिने वाचली, मी ऐकली, दोघींना कंटाळा आला. मग पुस्तक मिटून म्हणाली, "मुकेश स्लो हाय – हे मुकेश कसा हाय ते झालं. मुकेश वॉक्स स्लोली – हे चालणं कसं हाय ते झालं. ॲडव्हर्ब माणसाला चिकटत नाय, वहिनी. कामाला चिकटतो."

नऊ गाइडांत हे कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर गाइडं तीनच. पण नऊ वाटतात.

१९ जून, सोमवार

डोकं दुखतंय. 'ली'च 'ली' दिसतंय. सकाळी भाकरी थापताना सॉफ्टली, सॉफ्टली.

२३ जून, शुक्रवार

काल दुपारी तुलना. फास्ट, फास्टर, फास्टेस्ट. इथवर ठीक. पण स्लोलीचं स्लोलीअर नाही! तिथे मोअर स्लोली, मोस्ट स्लोली. का? एकाच्या मागे शेपटी आणि दुसऱ्याच्या पुढे मोअर, हा कुठला न्याय? नीलम म्हणे, "ली लागला की पुढं मोअर." बरं. पाठ केलं. दोन मिनिटांनी अर्ली आलं – त्याला 'ली' आहे तरी अर्लिअर! मी पुस्तक फेकलं. ते चुलीजवळ पडलं. नीलमने उचललं, झटकलं, पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं. "पुढं," म्हणाली. एकवीस वर्षांची पोर, पण मास्तरीण आहे.

आज अंगणवाडीत मग मी मुलांवर सराव केला. खिचडी वाढली आणि मनात चालू – रघ्या इट्स फास्ट. लाहू इट्स फास्टर. भिकीची नात इट्स फास्टेस्ट, तिच्यापुढून ताट ओढावं लागतं. चैत्याला नीलम घेऊन आली होती, चार घास भरवायला. चैत्या इट्स मोस्ट स्लोली. घास तोंडात धरून बसतो. गिळायचं विसरल्यासारखा.

आता दोघांची तुलना असली की दॅन, सगळ्यांत असली की द, हे कळलं. उद्या विसरेन.

२८ जून, बुधवार

आज एक गंमत झाली. रजिस्टर घरी आणलं होतं, रकाने आखायला. नीलमने सहज उघडलं. वजनाच्या पानावर वर छापलेलं आहे – एसयूडब्ल्यू, एमयूडब्ल्यू. नऊ वर्षं मी त्या रकान्यांत आकडे भरतेय. आम्ही म्हणतो तीव्र आणि मध्यम. अक्षरांचा अर्थ कोण विचारतो?

नीलम म्हणाली, "सिव्हिअरली अंडरवेट. मॉडरेटली अंडरवेट. वहिनी, तुज्या रजिस्टरात ॲडव्हर्ब हायत की!"

मी बघतच राहिले. नऊ वर्षं ते माझ्याच हाताखाली बसले होते. अंडरवेट म्हणजे वजन कमी, आणि किती कमी ते पुढचा शब्द सांगतो. कसा आनंद झाला मला! लिहायला लाज वाटते इतका झाला. मी विचारलं, मग मोअर सिव्हिअरली असतं का? नीलम म्हणे, असतं, व्याकरणात असतं. दोघी हसलो.

चैत्याचं मे महिन्याचं वजन मी तिला दाखवलं. मॉडरेटली. पिवळ्या पट्ट्यात, लाल रेघेच्या जरा वर. जूनला ती माहेरी होती, तेव्हा झालंच नाही. "जुलैला चढंल," म्हणाली.

३ जुलै, सोमवार

वेल, बेटर, बेस्ट. बॅडली, वर्स, वर्स्ट. लिटल, लेस, लीस्ट. यांना नियम नाही, पाठच करायचे. मला हेच बरे वाटले. नियम सांगून फसवत तरी नाहीत.

हार्ड आणि हार्डलीचा घोळ: संगीता वर्क्स हार्ड म्हणजे राबते. बायजी हार्डली वर्क्स म्हणजे काही करतच नाही. हे मी कधी विसरणार नाही.

झोप नीट नाही. अंगणात येरझाऱ्या. रविंद्र म्हणतो, नापास झालीस तर आभाळ नाही कोसळत. त्याचं नाही कोसळत. नऊ वर्षं मी दुसऱ्या बाईच्या सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवतेय. "ए मदतनीस," म्हणून हाक मारतात मीटिंगला. मला ती सही पाहिजे. हावरी म्हणा मला.

१० जुलै, सोमवार

हे लिहू की नको. लिहिते. दुसरं कोणाला सांगणार?

आज वजनाचा दिवस. बायजीचा निरोप – "तूच घे, मी बुधवारी सही करते." मुलं आली, एकेकाला झोळीत घातलं, काट्याला लटकवलं. नियम आहे की मूल उघडं करायचं. कपडे, करगोटा, वाळे, सगळं काढायचं. नऊ वर्षं मी बायांच्या पाठीमागे लागून काढायला लावते. माझी ख्याती आहे त्यासाठी.

शेवटी नीलम आली. चैत्याच्या अंगात विणलेला स्वेटर, भिजलेला. पायांत हिराबाईने – म्हणजे नीलमच्या सासूने – घातलेले जाड वाळे. उचलला तेव्हाच माझ्या हातांना कळलं. काट्याची काय गरज? नऊ वर्षांत हात शिकतात. लाल रेघ सात किलो चारशेवर. हा तिच्या खाली आहे.

आणि त्याच क्षणी मनात आलं – लाल म्हणजे डहाणूच्या रुग्णालयात भरती. चौदा दिवस, आईसकट. पेपर एकवीसला. नीलम गेली की माझं इंग्रजी गेलं.

नीलमने विचारलं, "स्वेटर काढू, वहिनी? वाळे?"

मी म्हटलं, "राहू दे. गारठा आहे."

काटा सात सहाशेवर थांबला. मी लिहिलं ७.६. मॉडरेटली.

नीलमचा चेहरा उजळला. "बघ, चढलं नाय तरी उतरलं नाय," म्हणाली. मग दुपारी दोन तास तिने मला वाक्यं बदलायला शिकवली. एकही चुकलं नाही माझं.

११ जुलै, मंगळवार

अकरा दिवसांचाच प्रश्न आहे. पेपर झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन घेईन, नीट घेईन, मीच त्यांना डहाणूला नेईन. तोवर रोज अंडं देते त्याला, माझ्या घरचं. दोन वेळा खिचडी. अकरा दिवसांत काय होतंय?

काल नीलमचंच वाक्य घेऊन मी स्वतःला समजावत होते – मी वाईट बाई नाही, मी एक काम वाईट केलं. ॲडव्हर्ब कामाला चिकटतो, माणसाला नाही. काय सोय आहे! इंग्रजी शिकल्याचा हा फायदा झाला.

१३ जुलै, गुरुवार

बायजीने सही केली. बघितलंसुद्धा नाही.

१५ जुलै, शनिवार

आज भिकीच्या शेतावर भाताच्या रोपांची आवणी. आम्ही दहा-बारा बाया ओळीने, वाकून, मागे मागे सरकत. नीलम माझ्या शेजारी. तिला वाटतं बाईने चिखलात असलं तरी अभ्यास सोडू नये. "काळी लावते फास्ट," ती म्हणायची, आणि मी, "काळी प्लांट्स फास्ट. भिकी प्लांट्स फास्टर दॅन काळी." "आनि तू?" "आय प्लांट मोस्ट केअरफुली!" बाया हसून लोळायच्या बाकी होत्या. काळीला कळलं आपलं नाव घेतात, ती रागावली, मग तिलाही शिकवलं. दुपारपर्यंत अख्खी ओळ फास्टर-फास्टर करत होती.

चैत्या बांधावर झोळीत. इतका वेळ हसण्याचा गोंधळ, तरी रडला नाही. मी दोनदा जाऊन बघितलं. जागाच होता. नुसता बघत होता. अंडं पुढे केलं, तोंड फिरवलं.

भिकी म्हणाली, "गुणी पोर हाय. त्रास नाय देत."

मला माहीत आहे पोरं कधी त्रास द्यायचं सोडतात ते. मी परत ओळीत जाऊन उभी राहिले.

१८ जुलै, मंगळवार

चैत्याला कालपासून जुलाब. सकाळी मी ओआरएसची पाकिटं नेली, पाणी उकळून घेतलं, चमच्याने पाजलं. हिराबाई बघत होती. म्हणाली, "तू हायस म्हनून बरं, संगे. आमाला काय कळतं?"

मी नीलमला म्हटलं, याला डॉक्टरकडे ने. आजच. एवढं तरी म्हटलं मी.

तर ती म्हणते, "तीन दिवस ऱ्हायलेत तुज्या पेपरला. पिवळ्यात तर हाय तो. तू लिवलंस ना? तुजा पेपर झाला की जाऊ."

तू लिहिलंस ना. माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून ही थांबली आहे. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तिने पुस्तक उघडलं, मी समोर बसले. बसले! दीड तास.

दुपारी त्याने थोडी पेज घेतली. पोटात ठेवली. म्हणजे बरं आहे. असेल.

२० जुलै, गुरुवार

जुलाब कमी. उद्या अकराला पेपर, तलासरीला. डोळ्याला डोळा नाही.

२१ जुलै, शुक्रवार

पेपर सोपा गेला. सगळं आलं. तुलनेची डिग्री बदलायला आली, रिकाम्या जागेत वर्स आलं, आणि मी भराभर लिहीत गेले. शेजारची मुलगी, सतरा-अठराची, माझ्या पानाकडे बघत होती. माझ्या पानाकडे!

सहा आसनी रिक्षा पकडली. मनात एकच – घरी जाऊन आधी चैत्याला काट्यावर घालायचा, उघडा. पाड्यावर उतरले तर नीलमच्या दाराला कडी. हिराबाई शेजारच्या अंगणात बसलेली. सकाळी नऊला त्याला आकडी आली. मुकेश घोलवडला वाडीत चिकू भरायला गेलेला, फोन लागेना. नीलमने एकटीने त्याला पदरात घेऊन रस्ता गाठला, एका टेम्पोवाल्याने डहाणूला नेलं.

नऊला. तेव्हा मी केंद्राच्या फाटकाशी उभी राहून अर्लिअर, अर्लिएस्ट घोकत होते.

२२ जुलै, शनिवार

डहाणूला गेले. आहे. जिवंत आहे. हाताला सुई, नाकात नळी, डोळे उघडे. वजन सहा आठशे.

सिस्टरने अंगणवाडीचं वजनाचं कार्ड बघितलं. "दहा तारखेला सात सहाशे? एवढं उतरलं?" मग स्वतःच म्हणाली, जुलाबात पाणी जातं, उतरतं. तरीही कार्डाकडे पुन्हा बघितलं.

नीलम लगेच म्हणाली, "आमच्या वहिनी वजन बरोबर घेतात. पाड्यावर सगळ्यांना कपडे काढाया लावतात."

मी खिडकीकडे तोंड केलं. मग ती मला विचारते, "पेपर कसा गेला?" तिचं मूल तिथे नळ्यांत, आणि ती विचारते पेपर कसा गेला. मी म्हटलं बरा गेला. तिने माझा हात दाबला.

२७ जुलै, गुरुवार

सात किलो. रोज जाते, खिचडी आटोपली की. आज त्याने माझं बोट धरलं. सोडवून घेतलं मी.

७ ऑगस्ट, सोमवार

नीलम आणि चैत्या घरी आले. सात आठशे, उघडा. हसतो. हिराबाईने नारळ फोडला आणि खोबरं आधी माझ्या हातावर ठेवलं. खाल्लं. काय करणार?

त्याला भरती करून सतरा दिवस झाले, कोणाला काही कळलेलं नाही. कळणारही नाही. आकडा कागदावर आहे, कागदावर बायजीची सही आहे. मुलगा बरा आहे. मग मला चैन का नाही? भांडी घासलेली पुन्हा घासते. रविंद्र म्हणतो, निकालाची काळजी करू नको. त्याला वाटतं निकाल.

२९ ऑगस्ट, मंगळवार

चौपन्न! इंग्रजीत चौपन्न!

रविंद्रने कंपनीतल्या सगळ्यांना फोन केले. मॅडमचा मला फोन – "अभिनंदन. आठवड्यात ऑर्डर काढते." नीलम तर नाचली. चैत्याला कडेवर घेऊन घरोघर सांगत सुटली, "माझी विद्यार्थिनी पास झाली." माझ्यासाठी लाडू आणले तिने.

लाडू तसाच ठेवला आहे.

१ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं.

दुपारी गेले. हिराबाई शेतावर होती. नीलम चैत्याला उभं राहायला शिकवत होती, खांब धरून. मी उंबऱ्यातच बसले आणि सांगून टाकलं. दहा तारीख, स्वेटर, वाळे, लाल रेघ. का केलं तेही. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, रडले नाही.

तिने चैत्याचे हात खांबापासून सोडवले, त्याला मांडीवर घेतलं.

"मी विचारलं होतं तुला," म्हणाली. "काढू का, विचारलं होतं."

मी म्हटलं, हो.

"आनि मी रोज तुला शिकवत होते."

हो.

मग ती उठून आत गेली. दार लावलं नाही. मी थोडा वेळ थांबले. ती बाहेर आली नाही, तेव्हा मी निघाले. अंगणवाडीचं झाडायचं राहिलं होतं, ते झाडलं.

४ सप्टेंबर, सोमवार

मॅडम ऑर्डर घेऊन आल्या. मागोमाग नीलम आली, चैत्या कडेवर, हातात कागद. तक्रार अर्ज – माझ्याविरुद्ध. मॅडमसमोर उभी राहून तिने तो अख्खा वाचला, कुठेही आवाज न चढवता. तारीख बरोबर, आकडे बरोबर. एक शब्द वाढवलेला नव्हता. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. "संगीता, हे खरं आहे?"

नीलमने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "खरं असंल तर सही कर, वहिनी."

मी केली. मॅडमनी ऑर्डर परत पिशवीत घातली.